परदेशात स्वयंसेवा किंवा इंटर्नशिप: प्लेसमेंट संस्थेला पैसे भरण्याआधी आणि नंतर

परदेशात स्वयंसेवक किंवा इंटर्न म्हणून जायचं ठरलं की बहुतेक जण आधी एखादी प्लेसमेंट संस्था शोधतात. काम, राहण्याची जागा, विमानतळावर घ्यायला येणारं माणूस, सगळं एकाच फीमध्ये. पहिल्यांदाच एकट्याने परदेशी निघालेल्याला ही सोय खरोखर उपयोगी पडते. पण पुढे ज्या तक्रारी होतात त्यांचं मूळ बहुधा एकच असतं: काम, जागा, तास आणि जबाबदारी यांबद्दल फोनवर जे बोलणं झालं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून इथे जे काही सांगितलं आहे ते एकाच नियमावर उभं आहे. पैसे भरण्याआधी जे लेखी मिळत नाही, ते मिळणारच नाही असं धरून निर्णय घ्या.

आधी साखळी समजून घ्या

तुम्ही ज्यांच्याशी बोलता ते सहसा तुम्हाला काम देणारे नसतात. जाहिरात करून फी घेणारी पाठवणी संस्था वेगळी, त्या देशात राहण्याजेवणाची व्यवस्था बघणारी स्थानिक भागीदार संस्था वेगळी, आणि तुम्ही रोज जिथे काम करणार ती यजमान संस्था, म्हणजे शाळा, दवाखाना, संवर्धन केंद्र किंवा कंपनी, आणखी वेगळी. कधी मध्ये एखादा एजंटही असतो. काही बिघडलं की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो, आणि करारावर ज्याचं नाव आहे त्याच्याशिवाय कोणालाच धरता येत नाही.

चौकशीच्या पहिल्याच ईमेलमध्ये नेमके प्रश्न विचारा. असा मजकूर पुरतो: "कृपया पुढील माहिती लेखी कळवावी. (१) पाठवणी संस्था, स्थानिक भागीदार आणि यजमान संस्था यांची नोंदणीकृत नावं आणि पत्ते. (२) माझ्या रोजच्या सुपरवायझरचं पद आणि ते जागेवर हजर असण्याचे दिवस. (३) आठवड्याचे कामाचे तास आणि एका नेहमीच्या दिवसाचं वेळापत्रक. (४) त्याच काळात त्याच जागी एकूण किती स्वयंसेवक असतील. (५) मी भरलेल्या फीपैकी यजमान संस्थेला किती रक्कम, कधी आणि कोणत्या कामासाठी मिळते. (६) व्हिसाचा कोणता प्रकार लागेल आणि त्यासाठीचं पत्र कोण देईल. (७) व्हिसा नाकारला गेल्यास किती पैसे परत मिळतील."

उत्तर कसं येतं यावरून बरंच कळतं. चांगली संस्था दोनचार दिवसांत मुद्देसूद उत्तर देते आणि जे अजून ठरलेलं नाही ते ठरलेलं नाही असं सांगते. "यजमान संस्थेचं नाव पैसे भरल्यावर कळवू" असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा जागाच अजून ठरलेली नसते. चौथा प्रश्न टाळला जात असेल तर तो पुन्हा विचारा. दोन वर्गांच्या शाळेत एका वेळी बारा स्वयंसेवक पाठवले की कोणालाच काम उरत नाही, आणि भिंती रंगवून झाल्या की पुढच्या महिन्यात त्याच भिंती नव्या तुकडीकडून पुन्हा रंगवून घेतल्या जातात.

मग स्वतः तपासा. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय संस्थांचे हिशेब चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कोणालाही पाहता येतात. अमेरिकेतल्या करमुक्त संस्थांचा वार्षिक फॉर्म ९९० सार्वजनिक असतो. उत्पन्न किती आणि ते कुठे खर्च झालं हे त्यात दिसतं. इतर अनेक देशांतही अशा नोंदवह्या आहेत. खाजगी कंपनी असली तर ती वाईटच असं नाही, पण तिने स्वतःला धर्मादाय संस्था म्हणवून घेतलं असेल आणि नोंदवहीत नाव नसेल, तर तिथेच थांबा. यजमान संस्थेचा फोन नंबर पाठवणी संस्थेकडून घेऊ नका. तो स्वतंत्रपणे शोधा, फोन करा आणि या नावाच्या पाठवणी संस्थेशी तुमचा संबंध आहे का, एवढंच विचारा.

माजी स्वयंसेवकाशी बोलायचं असेल तर संस्थेने निवडलेल्या आनंदी माणसाशी बोलून फारसं हाती लागत नाही. "याच जागी, गेल्या वर्षी, याच महिन्यात असलेल्या दोन व्यक्ती" अशी मागणी करा. त्यांना अनुभव कसा होता असं मोघम विचारू नका. दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलं ते विचारा. सुपरवायझर पहिल्या दिवशी भेटला का, आणि आधी न सांगितलेला खर्च कोणता निघाला, हेही विचारा.

फी न घेणारे किंवा थोडकी फी घेणारे मार्ग आधी पाहा

फी भरून जाणं हा एकच रस्ता नाही, आणि बऱ्याच जणांना हे उशिरा कळतं. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७०मध्ये आमसभेच्या ठरावाने सुरू झाला. त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. निवड झालेल्यांना तो निर्वाह भत्ता देतो, आणि वय व अनुभवानुसार त्यात वेगवेगळे गट आहेत. त्याचाच ऑनलाइन स्वयंसेवेचा विभागही आहे. परदेशी संस्थेबरोबर काम जमतं का, हे घरबसल्या अजमावून पाहायला तो उत्तम. हेही लक्षात ठेवा की संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर फी घेत नाहीत. त्यांच्या नावाने "प्रक्रिया शुल्क" मागणारं पत्र आलं तर ते बनावट आहे.

युरोपीय संघाच्या युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या कार्यक्रमात १८ ते ३० वयाच्या तरुणांना १२ महिन्यांपर्यंतची स्वयंसेवा करता येते. प्रवास, राहणं, जेवण आणि विमा कार्यक्रमाकडून, वर थोडा हातखर्चही मिळतो. मात्र तुम्ही सहभागी किंवा भागीदार देशाचे रहिवासी असायला हवं, आणि ज्या संस्थेकडे जायचं तिच्याकडे कार्यक्रमाचं गुणवत्ता प्रमाणपत्र हवं. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी १९४८मध्ये स्थापन झालेली आयईएसटीई देशादेशांमध्ये प्रशिक्षणाच्या जागांची अदलाबदल करते, आणि त्या जागांवर तिथे राहण्याचा खर्च भागेल इतपत मानधन असणं अपेक्षित असतं. परदेशी स्वयंसेवा आणि इंटर्नशिपच्या जागा मिळवून देणारी, विद्यार्थ्यांनीच चालवलेली आयसेकही १९४८चीच, पण ती सहभाग फी घेते. दोनतीन आठवड्यांसाठीच जायचं असेल तर श्रमशिबिरं पाहा. पहिल्या महायुद्धानंतर १९२०मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त गावात पहिलं शिबिर भरलं आणि त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल उभी राहिली. अशा शिबिरांची सहभाग फी तुलनेने किरकोळ असते.

या मार्गांना स्पर्धा जास्त आणि वेळही जास्त लागतो. तुमचं कौशल्य, वय किंवा तारखा त्यात बसत नसतील तेव्हा फी घेणाऱ्या संस्थेकडे वळायला हरकत नाही.

फीचा हिशेब

फी एकरकमी सांगितली जाते. ती फोडून मागा. राहणं, जेवण, स्थानिक समन्वयकाचा पगार, यजमान संस्थेचा वाटा, विमा, प्रशिक्षण, पाठवणी संस्थेचा प्रशासकीय खर्च, असे निदान सात आकडे दिसायला हवेत. यजमान संस्थेचा वाटा शून्य असेल तर तुम्ही तिथे काम करायला जाता आणि तुम्हाला शिकवण्याचा, सांभाळण्याचा भार मात्र तिच्याच माणसांवर पडतो.

फीत सहसा न येणाऱ्या गोष्टी: विमान तिकीट, व्हिसा आणि निवास परवान्याची फी, लसी, पोलिस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला), कागदपत्रांचं भाषांतर, राहण्याच्या जागेपासून कामापर्यंतचा रोजचा प्रवास आणि सुट्टीच्या दिवसांचं जेवण. रोजचा प्रवास किरकोळ वाटतो, पण एका बाजूला दीड तास लागणारी जागा असेल तर तीन महिन्यांत तो मोठा आकडा होतो. म्हणून राहण्याची जागा ते कामाची जागा हे अंतर नकाशावर स्वतः मोजा. या सगळ्यापलीकडे, कधीही परत येता येईल एवढं तिकिटाचं भाडं आणि एक महिन्याच्या राहण्याचे पैसे वेगळे ठेवा. ते हाताशी असले की वाईट जागा सोडून यायला कोणाची परवानगी लागत नाही.

करारातलं एक कलम सगळ्यात जास्त त्रास देतं. "आवश्यकतेनुसार प्रकल्प किंवा ठिकाण बदलण्याचा अधिकार संस्थेकडे राहील" अशा अर्थाचं वाक्य असतं. ते पूर्ण काढून टाकायला संस्था सहसा तयार होत नाही, पण "बदल पटला नाही तर राहिलेल्या दिवसांची फी परत" एवढी भर घालून घेता येते. परताव्याच्या तारखा नीट वाचा. अनामत रक्कम बहुधा परत मिळत नाही, म्हणून ती लहान असेल असं बघा आणि उरलेली रक्कम व्हिसा हातात आल्यावर भरण्याची मागणी करा. पैसे संस्थेच्याच नावाच्या खात्यात, शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे वाद झाल्यास बँकेकडे दाद मागता येते. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात किंवा रोख पाठवणीच्या सेवेतून पैसे मागितले तर देऊ नका.

ही कामं घेऊ नका

अनाथालयातली अल्पकाळाची स्वयंसेवा नाकारा, हेतू कितीही चांगला असला तरी. अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, किमान एक जण, हयात असतात. देणग्या आणि फी देणारे पाहुणे येत राहतात म्हणून गरीब घरांमधून मुलं आणून संस्था भरली जाते, हे कंबोडिया आणि नेपाळमध्ये वारंवार उघड झालं आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार मानला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९च्या बालहक्क ठरावात अनाथालयातल्या स्वयंसेवा-पर्यटनाच्या धोक्याची नोंद घेतली. आणि तस्करीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी दर पंधरा दिवसांनी जीव लावून निघून जाणारी नवी माणसं लहान मुलाचं नुकसानच करतात. मुलांसोबतच काम करायचं असेल तर कुटुंबात राहणाऱ्या मुलांच्या शाळेत, तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली, आणि तेही निदान एका सत्रासाठी जा. जी संस्था मुलांसोबतच्या कामासाठी तुमच्याकडे पोलिस क्लिअरन्स आणि दोन संदर्भ मागत नाही, ती इतर कोणाकडेही मागत नाही.

वैद्यकीय कामाचा नियम सोपा आहे. जे तुम्ही जिथे शिकता तिथे करायची परवानगी नाही, ते दुसऱ्या देशात करायचं नाही. टाके घालणं, इंजेक्शन देणं, बाळंतपणात हात लावणं, यातलं काहीही "इथे चालतं" म्हणून सांगितलं जातं. रुग्णाला संमती विचारलेली नसते आणि चूक झाली तर तुमचा विमा जबाबदारी घेत नाही. निरीक्षण, नोंदी, आरोग्य शिक्षणाचं साहित्य तयार करणं ही कामं लेखी मागून घ्या.

प्राण्यांच्या बाबतीत एक प्रश्न पुरतो: पाहुण्यांना प्राण्याला हात लावता येतो का? खरं पुनर्वसन केंद्र माणसाचा स्पर्श कमीत कमी ठेवतं, कारण माणसाळलेला प्राणी पुन्हा जंगलात सोडता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत बाटलीने दूध पाजून "वाचवलेले" सिंहाचे छावे मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी विकले गेल्याची प्रकरणं आहेत. थायलंडमधल्या व्याघ्र मंदिरातून २०१६मध्ये सरकारने वाघ हलवले तेव्हा शीतपेटीत मेलेले बछडे सापडले होते. स्वच्छता, चारा कापणं, कुंपण दुरुस्ती, नोंदी ठेवणं असं कंटाळवाणं काम देणारी जागा चांगली समजा.

इंटर्नशिप असेल तर कागद वेगळे

स्वयंसेवेत तुम्ही मदत करता. इंटर्नशिपमध्ये शिकणं हा कराराचा भाग असतो, आणि तो कागदावर असायलाच हवा. काय शिकणार, कोणाकडून, कोणत्या आठवड्यात, आणि शेवटी काय तयार झालेलं असेल, हे चार रकाने भरलेली योजना मागा. "विपणन विभागात मदत" असं लिहिलं असेल तर फोटोकॉपीपासून गिऱ्हाइकांना फोन करण्यापर्यंत काहीही वाट्याला येऊ शकतं.

अमेरिकेच्या जे-१ व्हिसाची इंटर्न श्रेणी या बाबतीत आदर्श म्हणता येईल इतकी काटेकोर आहे. तुम्ही अमेरिकेबाहेरच्या महाविद्यालयात शिकत असायला हवं किंवा पदवी घेऊन १२ महिन्यांपेक्षा जास्त झालेले नसावेत. मुदत जास्तीत जास्त १२ महिने, काम आठवड्याला किमान ३२ तास, त्यात कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. बालसंगोपन, वृद्धांची देखभाल आणि रुग्णांशी थेट संबंध येणारी कामं इंटर्नला देता येत नाहीत. डीएस-७००२ या फॉर्मवर प्रशिक्षणाची योजना टप्प्याटप्प्याने लिहून तुम्ही, यजमान आणि प्रायोजक अशा तिघांनी सही करायची असते, आणि व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा कागद परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेला प्रायोजकच देऊ शकतो. तुमची प्लेसमेंट संस्था आणि हा प्रायोजक एकच असतील असं नाही. प्रायोजकाचं नाव खात्याच्या यादीत स्वतः शोधा. काही जे-१ धारकांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते, ती आपल्याला लागू आहे का हे आधीच विचारून ठेवा.

फ्रान्समध्ये विद्यार्थी, शिक्षणसंस्था आणि कंपनी यांच्यातला करार असल्याशिवाय स्टाज, म्हणजे इंटर्नशिप, होत नाही. म्हणजे कोणत्याही शिक्षणसंस्थेत नाव नसेल तर हा मार्ग बंद. एकाच ठिकाणी एका शैक्षणिक वर्षात सहा महिन्यांची मर्यादा आहे, आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ असेल तर मोबदला देणं कंपनीला बंधनकारक आहे. जर्मनीत अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली इंटर्नशिप किमान वेतनाच्या कायद्याबाहेर आहे, पण स्वेच्छेची इंटर्नशिप तीन महिन्यांच्या वर गेली की किमान वेतन द्यावं लागतं. असे नियम माहीत असले की "बिनपगारी सहा महिने" अशा प्रस्तावाकडे वेगळ्या नजरेने बघता येतं.

इंटर्नशिपसाठी महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाचे क्रेडिट हवे असतील तर निघण्यापूर्वी विभागप्रमुखांची लेखी मंजुरी घ्या. परत आल्यावर कागद दाखवून क्रेडिट मिळवणं फार कठीण जातं.

व्हिसा

पगार नाही म्हणजे ते काम नाही, हा समज सगळ्यात महागात पडतो. "पर्यटक म्हणून या, कोणी विचारत नाही" असं सांगणाऱ्या संस्थेला काही होत नाही. दंड, परत पाठवणी आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जातला डाग तुमच्या वाट्याला येतो. थायलंडमध्ये स्वयंसेवेलाही योग्य व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही. न्यूझीलंडमध्ये कामाच्या बदल्यात मिळणारं राहणं-जेवण हाही मोबदलाच धरतात, म्हणून शेतावर राहून काम करायलाही कामाचा हक्क देणारा व्हिसा हवा. ब्रिटनमध्ये साध्या पाहुणा व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते. त्याहून जास्त असेल तर चॅरिटी वर्कर व्हिसा, ज्याची कमाल मुदत १२ महिने आहे आणि ज्यासाठी परवानाधारक संस्थेचं प्रायोजकत्व लागतं. नियम दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर वाचा, संस्थेच्या माहितीपत्रकात नाही.

शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, अल्पकाळ राहण्याची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस अशी आहे, आणि मोजताना हमखास चूक होते. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस मोजतात. समजा १ जानेवारीला आत गेलात आणि ३१ मार्चला बाहेर पडलात: ३१ अधिक २८ अधिक ३१, नेमके ९० दिवस. लीप वर्ष असेल तर एक दिवस जास्त होतो आणि मुदत मोडते. पुन्हा कधी जाता येईल? ज्या दिवशी जायचं त्या दिवसासह मागचे १८० दिवस मोजा. २९ जूनला ही खिडकी १ जानेवारीपासून सुरू होते, म्हणजे सगळे ९० दिवस अजून आतच आहेत. ३० जूनला १ जानेवारी खिडकीबाहेर जातो, म्हणून प्रवेशाचा पहिला दिवस ३० जून. ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्यांऐवजी प्रवेश-निर्गमाची नोंद टप्प्याटप्प्याने यंत्रात होऊ लागली आहे, त्यामुळे एक दिवसाची चूकही आपोआप दिसते. व्हिसा मिळाला म्हणजे ९० दिवस मिळाले असंही नाही. स्टिकरवर लिहिलेले दिवसच खरे. शिवाय हा अल्पकाळाचा व्हिसा काम करण्याची परवानगी देतोच असं नाही. तो नियम प्रत्येक देशाचा वेगळा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने वैध असावा आणि त्यात दोनतीन कोरी पानं असावीत. पोलिस क्लिअरन्स लवकर काढून ठेवू नका, कारण अनेक दूतावास ठरावीक महिन्यांपेक्षा जुनं चालवून घेत नाहीत. पदवी किंवा जन्मदाखल्यावर ॲपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागत असेल तर क्रम महत्त्वाचा: हेगच्या १९६१च्या करारातल्या देशांसाठी आधी ॲपोस्टिल, मग भाषांतर. उलट केलं तर ॲपोस्टिलवरचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि कागद परत येतो. जो देश या करारात नाही त्याच्यासाठी दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं, आणि त्याला बराच जास्त वेळ जातो.

लसी, औषधं, विमा

लसींसाठी निदान सहा महिने आधी डॉक्टरांकडे जा, कारण काही वेळापत्रकं लांब असतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमी ०, १ आणि ६ महिन्यांनी देतात. टायफॉइडचं इंजेक्शन निघण्याच्या दोन आठवडे आधी झालेलं बरं. पीतज्वराची लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र वैध होतं. २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. प्रमाणपत्राचं ते पिवळं पुस्तक हातसामानात ठेवा, सुटकेसमध्ये नाही. प्राण्यांबरोबर किंवा दवाखाना दूर असलेल्या भागात काम असेल तर रेबीजची आगाऊ लस घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशीनुसार ० आणि ७ व्या दिवशी दोन डोस. याचा खरा फायदा असा की चावा झालाच तर पुढे लसच लागते, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही, आणि दुर्गम भागात तेच मिळत नसतं. मलेरियाच्या गोळ्यांमध्ये डॉक्सिसायक्लिन त्या भागातून निघाल्यावरही चार आठवडे, तर ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस घ्यायची असते. घरी पोहोचलं की गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक.

नियमित औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या पत्रासह न्या. पत्रात औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं. काही देशांत साधी वाटणारी औषधंही बंद असतात: जपानमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी नेता येत नाही.

विमा पॉलिसीत कव्हर किती हे सगळे बघतात. वगळलेल्या गोष्टींचं पान बघा. शारीरिक श्रमाचं काम, उंचीवरचं किंवा यंत्राचं काम, दुचाकी, ठरावीक उंचीवरचा ट्रेक, आधीपासूनचा आजार, यातलं काय वगळलं आहे? प्रवासी विम्याच्या कित्येक पॉलिसी "पर्यटन" गृहीत धरतात आणि भिंत बांधताना पडलात तर दावा नाकारतात. विमा कंपनीला कामाचं वर्णन लिहून पाठवा आणि "हे काम कव्हर होतं" असं उत्तर जपून ठेवा. रुग्णाला दुसऱ्या शहरात किंवा देशात हलवण्याचा खर्च वेगळा दाखवलेला असावा, कारण दूरच्या ठिकाणी मोठं बिल त्याचंच होतं. अंदाज येण्यासाठी दोन आकडे: शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं, जे-१साठी प्रत्येक आजार किंवा अपघातामागे १,००,००० डॉलर आणि हलवण्यासाठी ५०,००० डॉलर. दुचाकी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीच्या रकान्यात शिक्का हवा. फक्त गाडीच्या रकान्यात शिक्का असेल तर अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो.

पोहोचल्यावर

पहिल्या दोन दिवसांत तीन गोष्टी उरका. अनेक देशांत राहत्या पत्त्याची नोंद ठरावीक दिवसांत करावी लागते. ती संस्थेने केली असेल तर पावतीचा फोटो घ्या. पासपोर्ट कोणाकडेही "सुरक्षित ठेवण्यासाठी" देऊ नका, प्रत द्या. आणि राहत्या जागेपासून जवळच्या चांगल्या रुग्णालयापर्यंत एकदा स्वतः जाऊन या.

कामाच्या पहिल्या दिवशी सुपरवायझरसोबत लेखी योजना घेऊन बसा आणि दर आठवड्याला वीस मिनिटांची भेट ठरवून घ्या. पहिले पाच दिवस सुधारणा सुचवू नका. तिथली माणसं तेच काम वर्षानुवर्षं करत आहेत, आणि एखादी पद्धत विचित्र वाटते तेव्हा तिच्यामागचं कारण बहुतेक वेळा तुम्हाला अजून कळलेलं नसतं. मुलांचे किंवा रुग्णांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. परवानगी मिळाली तरी नाव आणि ठिकाण एकत्र टाकू नका.

काम मिळतच नसेल किंवा ठरल्यापेक्षा वेगळं असेल, तर आठवडाभर पाहून समन्वयकाला ईमेल करा. ठरलेलं काय होतं, मिळालं काय, आणि काय बदल हवा, एवढंच लिहा आणि तीन दिवसांची मुदत द्या. व्हॉट्सॲपवर किंवा तोंडी बोललात तर त्याच संध्याकाळी "आज आपलं असं बोलणं झालं" असा ईमेल पाठवून ठेवा. उत्तर नाही आलं तर पाठवणी संस्थेच्या प्रमुखाला तोच ईमेल पुढे पाठवा आणि परताव्याच्या कलमाचा क्रमांक द्या. असुरक्षितता, छळ किंवा बेकायदा कामाची सक्ती असेल तर मात्र या पायऱ्या चढत बसू नका. आधी जागा सोडा, विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर आणि दूतावासाला कळवा, पैशांचं नंतर बघता येतं.

निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून हस्तांतराची टिपणं लिहायला घ्या: काय पूर्ण झालं, काय अर्धं आहे, फाइल कुठे आहे, कोणाशी बोलायचं. पुढचा स्वयंसेवक पहिला आठवडा वाया घालवणार की नाही हे या दोन पानांवर ठरतं. प्रमाणपत्र पाठवणी संस्थेचं नको, यजमान संस्थेच्या लेटरहेडवर घ्या. त्यात तारखा, एकूण तास, प्रत्यक्ष केलेली कामं आणि सुपरवायझरची सही असावी. नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात "प्रकल्पात सहभाग" या शब्दांना काही वजन नसतं. "४० मुलांच्या वाचनाच्या नोंदी १२ आठवडे ठेवल्या" याला असतं. सुपरवायझरचा खाजगी ईमेलही त्यांना विचारून घेऊन ठेवा, कारण वर्षभराने संदर्भपत्र लागेल तेव्हा ते त्याच संस्थेत असतीलच असं नाही.